एक्कावन्न रिकाम्या ओळी

भिंगारला आमच्या क्वार्टरमध्ये प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी नावावर असे. गॅस अण्णांच्या नावावर, रेशनकार्डावर पहिलं नाव अण्णांचं, दोन सायकलींपैकी एक अण्णांची, एक दादाची, आणि शिलाई मशीन आई चालवत असली तरी त्याच्या पावतीवर नाव अण्णांचंच. माझ्या नावावर काय होतं, हे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. शाळेचा दाखला होता आणि डोस दिल्याचं एक पिवळं कार्ड होतं. हे मी गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. तेव्हा मला यात काही वावगं वाटतसुद्धा नव्हतं, आणि आज राग येतो तो त्याचाच येतो.

अण्णा लष्कराच्या वर्कशॉपात फिटर होते, पण गणवेश नसलेले, सिव्हिलियन. दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत आईचं मशीन. सकाळी छावणीतला बिगुल वाजला की अण्णा उठत आणि अण्णा उठले की घर उठे. दिवसा लांब माळावर रणगाड्यांचा सराव चाले. पहिला बार झाला की मांडणीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणत आणि आई साडीच्या फॉलवरून मान न उचलता म्हणे, "झालं यांचं सुरू." आलेले पाहुणे दचकत. आम्ही मात्र एखाद्या दिवशी बार झाला नाही तरच बाहेर डोकावून बघायचो. रविवारी हुलग्याचे शेंगोळे असत. पिठात लसूण-मिरचीचं वाटण घालून आई आणि मी ते वळायला बसायचो, आणि रश्शाला उकळी फुटल्याचा वास पडवीत गेला की दादा ताट घेऊन हजर. पहिलं ताट त्याचं, असं कुणी ठरवलेलं नव्हतं. ते तसंच होतं.

व्हिडिओ गेमचं खोकं घरात आलं ते अण्णांनी एका हवालदाराचा स्टोव्ह दुरुस्त करून दिला म्हणून. त्याची बदली झाली, सामान आवरताना त्यानं हे खोकं अण्णांच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, बच्चों के लिए. टीव्हीला जोडायचं, वरून कॅसेट खुपसायची. आम्ही त्याला खोकंच म्हणायचो. त्याला दोन रिमोट होते, एक नंबरचा दादाचा आणि दोन नंबरचा माझा. त्या कॅसेटीतल्या निम्म्याहून जास्त गेममध्ये दोन नंबरच्या रिमोटला काही कामच नव्हतं, तो नुसता जोडलेला असे. मला हे कितीतरी महिने कळलं नाही. दादाचं हेलिकॉप्टर नदीवरून जाई, एक पूल, दुसरा पूल, तिसरा पूल, आणि मी शेजारी बसून जिवाच्या आकांतानं बटणं दाबत असे. हेलिकॉप्टर वाचलं की मला वाटे, आपण वाचवलं. दादाला माहीत होतं. त्यानं सांगितलं नाही. हसतही नसे तो, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

दादा इंजिनिअरिंगला गेला तेव्हा घरात कॉम्प्युटर आला. कॉलेज दुसऱ्या तालुक्यात, हॉस्टेलवर कॉम्प्युटर ठेवायला परवानगी नाही, म्हणून तो घरीच राहिला. आईनं त्याला उरलेल्या ब्लाउजपिसाचं झाकण शिवलं. अण्णांनी सांगितलं, "पोराच्या अभ्यासाचं हाय, पुसायचं तेवढं पुसा." मी तेव्हा नगरला बीएस्सी करत होते आणि आम्हाला कॉलेजात सी भाषा शिकवत. शिकवत म्हणजे फळ्यावर लिहून देत. वीस मुलांत एक मशीन होतं. मी दुपारी घरी येऊन ते झाकण काढायची आणि फळ्यावरचं करून बघायची. आईनं हे अण्णांना सांगितलं नाही. आईनं माझ्यासाठी जन्मात एवढं एक लपवलं.

एका शनिवारी दादा हॉस्टेलवरून एक सीडी घेऊन आला. तिच्यात इम्युलेटर होता. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: इम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्राम. कॉम्प्युटरवर तो चालवला की आत जणू ते व्हिडिओ गेमचं खोकंच बसलंय असं गेमला वाटतं आणि तो मुकाट चालतो. हा इम्युलेटर जगभरातल्या लोकांनी मिळून, हौसेखातर लिहिलेला होता. तो ज्या ओळींनी बनतो त्यांची सगळी वही उघडी होती, त्या सीडीतच, कुणीही वाचावी, चूक सापडली तर कळवावी. दादानं दोन शनिवार गेम खेळला. त्या लोकांच्या यादीत नाव नोंदवून आला. मग त्याला क्रिकेटची टीम मिळाली आणि तो ते सगळं विसरला.

चूक पहिल्यांदा पकडली ती आईनं. खोक्यातला हेलिकॉप्टरचा गेम सुरू होताना एक पिपाणीसारखं गाणं वाजायचं, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. त्या गाण्यावर आईचा पाय मशीनच्या पायट्यावर आपोआप पडायचा. मी कॉम्प्युटरवर तोच गेम लावला आणि थोड्या वेळानं पडवीतून आई म्हणाली, "आज ही पिपाणी पळतीय का गं? माझा पाय चुकतोय."

मी म्हटलं, तीच आहे.

"तीच न्हाई. पळतीय."

मी अण्णांचं घड्याळ घेतलं. खोकं टीव्हीला जोडलं, गाणं वीस वेळा वाजू दिलं, वेळ लिहिली. मग कॉम्प्युटरवर वीस वेळा. आई बरोबर होती. एवढंच नाही, कॉम्प्युटरवर हेलिकॉप्टर तिसऱ्या पुलाखाली जाऊन गपकन थांबायचं, आणि मग काही केलं तरी हलायचं नाही. खोक्यावर असं कधी झालं नव्हतं. मी ती उघडी वही वाचायला घेतली. पहिल्या आठवड्यात काही कळलं नाही. दुसऱ्या आठवड्यात एवढं कळलं की या लोकांना दोनच जातीची यंत्रं माहीत आहेत, एक अमेरिकेतलं आणि एक युरोपातलं. आमचं खोकं तिसऱ्याच जातीचं होतं, बाजारात मिळणारं नकली. ते चित्र ओळीओळीनं काढायचं. शेवटची ओळ झाली की खरी यंत्रं लगेच गेमला इशारा देत, की चित्र झालं, आता तुझं काम कर. आमचं खोकं मात्र इशारा देण्याआधी काही रिकाम्या ओळी नुसतंच मोजत बसे. त्या कॅसेटीतले गेम त्या विश्रांतीवर बेतलेले होते. इशारा लवकर आला की हेलिकॉप्टरचा हिशेब तिसऱ्या पुलाखाली चुके.

गाण्याच्या वेळेवरून चित्रात एकूण ओळी किती ते निघालं. पण त्यातल्या इशाऱ्याआधीच्या रिकाम्या किती, ते कुठं लिहिलेलं नव्हतं. मी एकपासून सुरुवात केली. आकडा बदलायचा, प्रोग्राम पुन्हा बांधायचा, गेम लावायचा, तीन पूल ओलांडायचे. हेलिकॉप्टर थांबलं की पुढचा आकडा. दुपारी कॉलेजातून आल्यापासून अण्णांची पाच वाजताची सायकल वाजेपर्यंत. असे अकरा दिवस. एक्कावन्नला हेलिकॉप्टर पुलाखालून निघालं आणि पुढं गेलं. मी ओरडले. आई हातात सुई घेऊन पळत आली, तिला वाटलं शॉक बसला.

त्या आकड्याला प्रोग्राममध्ये नाव द्यावं लागतं. मी इंग्रजी अक्षरांत 'शिवण' असं नाव दिलं, आणि बाजूला खुलासा लिहिला, तोही इंग्रजी अक्षरांत पण मराठीतच: आईचा पाय चुकू नये म्हणून. तेव्हा हे कुणी वाचेल असं डोक्यातही नव्हतं.

आता माझी चूक सांगते. ती दुसऱ्या कुणाची नाही. दुरुस्ती त्या लोकांना पाठवायची तर ईमेल लागतो. बाजारात रफिकभाईंचा सायबर कॅफे होता. तिथं गेले आणि दादानं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेला त्याचाच पत्ता आणि पासवर्ड वापरला. मला खरोखर वाटत होतं की ईमेल घराला एकच मिळतो. गॅस कनेक्शन एक, टेलिफोन एक, तसा ईमेल एक, आणि तो कर्त्या पुरुषाच्या नावावर. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, दुसऱ्याच्या प्रोग्राममधली ओळ न् ओळ वाचत होते, आणि माझी समजूत ही होती. आज माझ्या पुतणीला हे सांगितलं तर ती लोळून हसते. मलाही हसावं लागतं.

उत्तर चार दिवसांनी आलं. "प्रिय नितीन," अशी सुरुवात होती, नितीन म्हणजे दादा. त्या सगळ्यांचा म्होरक्या फिनलंडमध्ये राहणारा हेन्रिक नावाचा माणूस होता, कुठल्याशा शाळेत शिक्षक. त्यानं लिहिलं होतं की ही तिसऱ्या जातीची यंत्रं आहेत असं आम्ही ऐकून होतो, पण आमच्यापैकी कुणाकडंच ते नाही. तू हे मोजलंस कसं? मी लिहिलं, घड्याळानं आणि शिलाई मशीननं. त्याला ते इतकं आवडलं की त्यानं ते सगळ्यांना पुढं पाठवलं. मी रफिकभाईंच्या त्या गरम खोलीत पंख्याखाली बसून पत्र तीनदा वाचलं. मला कुणी तोवर 'कसं केलंस' असं विचारलं नव्हतं. जेवण छान झालंय, एवढं म्हणत.

पुढची अडीच-तीन वर्षं मी ते काम केलं. तिसऱ्या जातीच्या यंत्राचं सगळं माझ्याकडं आलं, मग आवाजाचा भाग आला. कुणी तक्रार करी, अमक्या गेममध्ये चित्राची खालची पट्टी थरथरते. मी ते उकलून बघायची, खोक्याशी ताडून बघायची, फ्लॉपीत घालून रफिकभाईंकडं न्यायची. एकाची दुरुस्ती केली की दुसऱ्या गेमचा आवाज जायचा. आधीच्या माणसानं कुठंतरी ठिगळ लावून ठेवलेलं असे आणि ते उसवल्याशिवाय पुढं जाता येत नसे. गंमत नव्हती त्यात. भांडी घासण्यासारखंच काम होतं, संपत नसे आणि झालेलं दिसत नसे. पण दुसऱ्या वर्षी हेन्रिकनं लिहिलं की आता तुला विचारायची गरज नाही, मूळ वहीत तू थेट लिहीत जा. म्हणजे किल्ली दिली. त्यानंच दिवाळीच्या सुमारास पोस्टानं एक कार्ड पाठवलं, बर्फात अडकलेल्या होडीचं. मागं लिहिलं होतं, 'तुझ्यासारखे कान मी पाहिले नाहीत.' वर पत्ता, श्री. नितीन, भिंगार. पोस्टमननं ते अण्णांच्या हातात दिलं आणि अण्णांनी ते दादाच्या पुस्तकांत नीट ठेवलं.

रफिकभाईंकडं येणाऱ्यानं रजिस्टरात सही करायची असे. तिथं मात्र मी माझंच नाव लिहायची, आठवड्यातून तीन वेळा. एकदा ते स्क्रीनकडं बघून म्हणाले, "सुवर्णा बहन, मेहनत तुम्हारी, और नाम नितीन का? नया आयडी बनाने को दो मिनिट लगते." तेव्हा मला कळलं की ईमेल घराला एक नसतो.

मी कॉम्प्युटरवर बसते हे एव्हाना अण्णांना कळलं होतं. त्या रविवारी मी त्यांना विचारलं. अण्णा शेंगोळ्यांचा रस्सा भाकरीत चुरत होते. मी म्हटलं, कॉम्प्युटरवर मी जे करते ते माझ्या नावानं करू का?

"कुनाला कळनार हाय तिकडं?"

"मलाच कळेल."

अण्णांनी दोन घास खाल्ले. "पोरीचं नाव नेटवर नगं. उद्या कुनी काय लिहिलं, काय फोटो जोडला, तुझं लगीन व्हायचंय अजून. नाव कुनाचं का असंना, घरातच हाय ना? काम झाल्याशी मतलब."

दादा तिथंच होता. तो म्हणाला, "मला काही हरकत नाही, अण्णा." ही परवानगी माझ्या नावाला होती की त्याच्या नावाला, ते मी तेव्हा विचारलं नाही. त्यानं दुसऱ्यांदा रस्सा मागितला आणि मी वाढला.

दादाचं इंजिनिअरिंग रडतखडत झालं. दोन विषय दोनदा राहिले. पास झाल्यावर सात-आठ महिने तो घरीच होता. सकाळी पेपरातल्या जाहिराती बघायचा आणि दुपारी झोपायचा. अण्णा त्याच्याशी बोलत नसत, फक्त सायकल जोरात स्टँडला लावत. आणि अशात रफिकभाईंकडं एके दिवशी पत्र आलं, पुण्याच्या एका कंपनीतून. ते मोबाईलसाठी प्रोग्राम लिहीत. लिहिणारा म्हणाला, मी तुमचा इम्युलेटर वापरतो, तिसऱ्या यंत्राचं आणि आवाजाचं तुमचं काम ओळीओळीनं वाचलंय, आम्हाला नेमका असा माणूस हवाय, पुढच्या सोमवारी भेटायला या. "प्रिय नितीन," अशीच सुरुवात होती.

मी त्याची छापील प्रत काढली आणि घरी जाऊन आईच्या हातात दिली. का दिली? मला वाटलं होतं की आता तरी कळेल. मला मनातून वाटत होतं की हे वाचून अण्णा म्हणतील, सुवर्णाला घेऊन पुण्याला जाऊन येतो. एवढा बावळटपणा माझ्यात होता.

अण्णा आले. दादानं पत्र वाचून दाखवलं. अण्णा ऐकत असताना मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. सात-आठ महिन्यांनी ते तोंड उजळलं होतं. ते म्हणाले, "नित्या, नशीब काढलंस." मग पत्राची घडी घालायला लागले, कारण खरं काय ते त्यांनाही माहीत होतं. आई मशीनचं चाक हातानं नुसतंच फिरवत बसली. शेवटी अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "सुवर्णे, तुला मार्चात बघायला येनार हायेत सोनईचे. तू काय पुन्याला नोकरी करनार न्हाईस. आठ दिस हायेत. भावाला शिकव."

मी आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "त्याचं बसलं म्हंजी तुझ्याबी लग्नाला बरं पडंल गं."

आठ दिवस मी शिकवलं. मन लावून शिकवलं, हे मला आजही सोसत नाही. मी काहीतरी चुकीचं सांगू शकले असते. अर्धं ठेवू शकले असते. पण काम बरोबर सांगण्याची खोड लागलेली होती, आणि प्रोग्रामविषयी खोटं बोलायला माझी जीभच वळेना. स्वयंपाकघरात मी पीठ मळायची आणि तो दारात वही घेऊन बसायचा. इथं का थांबलं, इथं ही अट का घातली, हे ठिगळ कुणाचं. "त्यांनी विचारलं तर काय सांगू, सांग," असं तो म्हणायचा आणि मी सांगितलेलं तो लिहून घ्यायचा. सहाव्या दिवशी त्यानं वही मिटली. म्हणाला, "सुवर्णा, तू नको म्हणालीस तर मी जात नाही. खरंच."

तो खरंच बोलत होता, मला माहीत होतं. पण मी नको म्हटलं असतं तर त्या घरात दादा बेकार राहिल्याचं खापर जन्मभर माझ्या डोक्यावर फुटलं असतं. सगळ्यांनी मिळून घेतलेला निर्णय त्यानं अलगद माझ्या परातीत आणून ठेवला. मी म्हटलं, "जा." आणि पुढचा भाग सांगायला लागले.

तो अण्णांचा शर्ट घालून, फाईलमध्ये हेन्रिकचं कार्ड ठेवून गेला आणि संध्याकाळी पेढे घेऊन आला. आईनं पेढे देवापुढं ठेवले. मी त्याला विचारलं, काय काय विचारलं? सगळं आलं म्हणाला, एक सोडून. "ते शिवण म्हणजे काय, असं त्यातल्या एका बाईनं विचारलं. ती मराठीच होती. मी म्हटलं, असंच, मनात आलं ते नाव दिलं. सगळे हसले. म्हणाली, प्रोग्रामर असेच असतात."

आठ दिवसांत त्यानं मला ते विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. पडवीत आईचं मशीन चालू होतं.

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. कॉम्प्युटर पुण्याला गेला. मार्चमध्ये सोनईचे आले, त्यांनी पोहे खाल्ले, मला शिवण येतं का ते विचारलं. अण्णांनी खोकं मला माहेरची आठवण म्हणून दिलं. एवढं त्यांच्या मनात आलं, याचं मला अजून नवल वाटतं. हेन्रिकला दादानं महिनाभरानं कळवलं की नोकरीमुळं वेळ मिळत नाही. हेन्रिकनं फार सुंदर उत्तर लिहिलं होतं म्हणे. मी ते वाचलेलं नाही. आज सोनईत बसस्टँडजवळ आमचं सेवा केंद्र आहे. लोकांचे उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पिकांचे फॉर्म मी भरून देते. नवरा चांगला आहे, केंद्राला वर्षातून दोनदा रंगही देतो. पाटीवर नाव त्याचं आहे, कारण परवाना त्याच्या नावावर आहे. अण्णा गेले. रफिकभाईंचा कॅफे बंद होऊन तिथं चपलांचं दुकान झालं. ती रजिस्टरं त्यांनी रद्दीत घातली असणार. दादा मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि त्याच्या माहितीच्या पानावर अजून पहिली ओळ त्या इम्युलेटरचीच आहे.

गेल्या वर्षी दुपारी केंद्रात गर्दी असताना दादाचा मोबाईलवर निरोप आला. इम्युलेटर अजून चालू आहे. हेन्रिक आता नाही, नवी मुलं तो सांभाळतात. त्यातल्या एकानं दादाला लिहिलं होतं की तुमच्या जुन्या भागात शिवण नावाचा एक आकडा आहे, एक्कावन्न. तो आम्हाला अनावश्यक वाटतोय, काढून टाकू का? दादानं ते पत्र मला पुढं पाठवलं होतं, आणि खाली लिहिलं होतं:

'अगं, मी हे असं का लिहिलं होतं, तुला काही आठवतं का?'

मी ते दोनदा वाचलं. त्यात थट्टा नव्हती. त्याला खरोखर आठवत नव्हतं, कारण त्याला खरोखर वाटत होतं की ते त्यानं लिहिलंय. इतकी वर्षं मी त्याच्यावर मनातल्या मनात चोरीचा आरोप ठेवला होता, आणि चोराला चोरीच ठाऊक नव्हती. समोर एक म्हातारा आधारकार्ड घेऊन उभा होता, "म्याडम, व्हतंय का?" म्हणत होता. मी त्याचा अंगठा यंत्रावर चुकीच्या बाजूनं ठेवला.

त्या पोराला मी स्वतः लिहिलं, माझ्या ईमेलवरून, माझ्या नावानं. पहिल्यांदा. खोकं, घड्याळ, आईचा पाय, अकरा दिवस, तिसरा पूल, सगळं लिहिलं. आकडा काढू नका, काढलात तर हेलिकॉप्टर थांबेल, असंही लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. फार अदबशीर होतं. माहितीबद्दल आभार, हे रंजक आहे, पण हा भाग नितीन यांचा असल्यानं त्यांच्याकडून तेवढी खात्री करून घेता येईल का?

त्याच दुपारी दादाचा फोन आला. "अगं, त्या पोरानं मला विचारलंय, तुझं बरोबर आहे का म्हणून. मी टाकतो एक ओळ. काय लिहू, सांग."

मी म्हटलं, "लिही, हे मी लिहिलेलं नाही. माझ्या बहिणीनं लिहिलंय, तिला विचारा."

पलीकडं कुणीतरी मिक्सर लावला होता, दादानं तो बंद करायला सांगितलं. मग म्हणाला, "असं कसं लिहू गं आता? लोक काय म्हणतील? एवढी वर्षं झाली."

"मग काही लिहू नकोस."

"पण मग ते चुकीचं होईल ना सगळं."

"होऊ दे," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम मी जाणूनबुजून चुकू दिलं.

त्यानं काही लिहिलं नाही. त्या पोरानं महिनाभर वाट पाहिली, मग आकडा काढून टाकला, त्याच्याबरोबर आईच्या पायाचा खुलासाही गेला. मी नवी आवृत्ती केंद्रातल्या कॉम्प्युटरवर उतरवून बघितली. पिपाणी पळते. हेलिकॉप्टर तिसऱ्या पुलाखाली जाऊन थांबतं, जिथं मला ते पहिल्या दिवशी सापडलं होतं तिथंच. मग मी घरी जाऊन माळ्यावरून खोकं काढलं, धूळ पुसली, टीव्हीला जोडलं आणि एक नंबरचा रिमोट हातात घेतला. पहिला पूल, दुसरा पूल, तिसरा पूल. तिथं ते अजून पुढं जातं.